ज्याची रेघ त्याची चौकट

भिकननाना आणि वत्सलाबाई यांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, की भांडायला नवीन विषय उरला नव्हता. म्हणून त्यांनी केळी वाटून घेतली.

ओढ्यालगतचं वावर एकच, बोअर एकच, ठिबकची मोठी नळीही एकच, दोन्ही बाजूंना फक्त एकेक कॉक. मध्ये फक्त एक बांध घातला आणि पूर्वेकडची केळी नानांची, पश्चिमेकडची वत्सलाबाईंची असं ठरलं. नाना शहाद्याच्या खतवाल्याने दिलेल्या तक्त्याप्रमाणे आपल्या बाजूच्या ठिबकमधून खत सोडत. वत्सलाबाई निळ्या ड्रममध्ये शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन ढवळत आणि त्या तक्त्याकडे ढुंकूनही पाहत नसत. कोणाची केळी सरस ते घड निघाल्यावर कळलंच असतं. पण तेवढा धीर दोघांनाही नव्हता, म्हणून दर सोमवारी टेप घेऊन खोडाचा घेर मोजायचा परिपाठ सुरू झाला. नाना आपला मोजत, वत्सलाबाई आपला मोजत, आणि दोघंही आकडे सुनेला सांगत. एकमेकांना मात्र सांगत नसत.

सून म्हणजे सीमा. माहेर विसरवाडीचं. शहाद्याच्या कॉलेजात ती संख्याशास्त्र शिकवायची. घरातली अहिराणी तिला पुरती कळे, पण बोलायला तोंड उघडलं की शाळेतली मराठीच बाहेर पडे. सासू-सासऱ्यांना तिची ती भाषा न्यायाधीशासारखी वाटायची, आणि बहुधा म्हणूनच घरातला प्रत्येक खटला तिच्यापुढे येई. तिचा नवरा ललित पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता. उसाच्या रसाची गोडी मोजून घरी आल्यावर आई-वडिलांच्या भानगडीत पडायचं नाही, असा त्याचा नेम होता.

गावच्या केळी उत्पादक गटाचा अध्यक्ष भूपेंद्र हा ललितचा वर्गमित्र. त्याला नव्या यंत्रांचं फार वेड. जमिनीतला ओलावा मोजणारे सेन्सर गटाने आणले तेव्हा त्याने त्यातले दोन नानांच्या वावरात, बांधाच्या एकेका बाजूला, पुरले. मे महिन्याच्या शेवटी गटाचा मेळावा होता. भूपेंद्र सीमाला म्हणाला, "वहिनी, या दोन केळींचे आलेख काढून द्या. पडद्यावर दाखवू. लोकांना नुसतं बोलून पटत नाही."

सीमाने हौसेने होकार दिला. पायथन या संगणकाच्या भाषेत आलेख काढणं तिच्या हातचा मळ होता. वर्गात मुलांना ती तेच तर शिकवत असे. तिची पद्धत सोपी होती. कागद उघडायचा, त्यावर एक चौकट मांडायची, मग 'रेघ ओढ', 'नाव लिही', 'अक्षावर आकडे घाल' असे हुकूम एकामागून एक सोडायचे. कोणत्या चौकटीत, ते सांगायची गरज नाही. जी चौकट शेवटी उघडली असेल तीच समजून यंत्र मुकाट काम करतं. चौकट एकच असली की यात काही बिघडत नाही. इथे दोन होत्या, डावीकडे नानांची आणि उजवीकडे आईंची, म्हणजे वत्सलाबाईंची. पण सवयीचा हात, तो तसाच चालला.

पहिली अडचण आली ती नावांची. तिने चौकटींवर मराठीत नावं लिहिली, तर अक्षरांच्या जागी रिकामी खोकी उमटली. नाना शेजारी खुर्ची ओढून बसलेच होते.

"हाई काय शे?" त्यांनी विचारलं. "खोकास्नी ओळ?"

"अक्षरांचा संच नाही यात. घालते."

तिने संच शोधून घातला. खोकी गेली, अक्षरं आली, पण भिकनमधली वेलांटी भलत्याच जागी जाऊन बसली आणि चौकटीवर 'भकिन' असं काहीतरी दिसू लागलं. नानांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"मन्हं नाव कोणी बदली टाकं?"

"थांबा नाना, इंग्रजीत लिहिते."

या वेलांटीच्या खटपटीत तिने हुकुमांच्या मधल्या चार ओळी उचलून वर नेल्या, दोन खाली आणल्या, एक खोडली. शेवटी नावं नीट उमटली. डाव्या चौकटीवर भिकन, उजव्या चौकटीवर वत्सला. आणि भिकन नावाच्या चौकटीतली रेघ उजवीकडच्या रेघेपेक्षा चांगली वर चढलेली होती.

 नानांनी पडद्याचा फोटो काढला आणि उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने तो फोटो गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आला. त्याखाली त्यांनी एक शब्दही लिहिला नव्हता, कारण गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी ते शहाद्याला गेले आणि एसटी स्टँडजवळच्या दुकानातून फाफडा-जिलबीचे पुडे घेऊन आले. एक पुडा भूपेंद्रकडे गेला, एक दूधडेअरीवर, एक खतवाल्याकडे. उरलेला त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सुनेच्या हाती दिला. "तुन्ही सासूले बी दे. गोड शे."

वत्सलाबाईंनी जिलबी खाल्ली. बोट पुसलं आणि म्हणाल्या, "कागदवर कोनी बी केयी वाढस. वावरमा वाढाले जोयजे."

पण तिसऱ्या दिवशी त्यांनी ड्रम ढवळला नाही. सीमाने ते पाहिलं आणि तिला वाईट वाटलं. आलेख तिनेच काढला होता. त्याला ती काय करणार?

रविवारी दुपारी ललित जेवून आडवा झाला होता. नेम मोडून त्याने तो फोटो मोबाईलवर मोठा करून पाहिला आणि उठून बसला.

"ही नानांची रेघ मध्येच तुटलीय."

"त्या आठवड्यांत माप नव्हतं."

"कोणते आठवडे हे?"

सीमाने तारखा पाहिल्या. "आखाजीचे."

"आखाजीला माहेरी कोण गेलं होतं?"

 आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वत्सलाबाई भावाकडे गेल्या होत्या, झोके खेळून, गाणी म्हणून, सावकाश परतल्या होत्या. नानांनी तर ताप असतानाही माप चुकवलं नव्हतं. तुटलेली रेघ नानांची असणं शक्यच नव्हतं. तिने लॅपटॉप उघडला आणि ओळी वरून खाली वाचत गेली. वेलांटीच्या नादात इकडच्या तिकडे केलेल्या त्या चार ओळी तिथेच बसल्या होत्या. नानांची चौकट उघडी असतानाच आईंची रेघ ओढायचा हुकूम सुटला होता, आणि यंत्राने तो निमूट मानला होता. नानांची रेघ तशीच आईंच्या चौकटीत गेली होती.

"आता नानांना सांगायला कोण जाणार?" तिने विचारलं.

ललित पुन्हा आडवा झाला.

नाना ओसरीवर बसून कोणाला तरी फोनवर खोडाचा घेर सांगत होते. सीमा फोन संपेपर्यंत उभी राहिली. मग तिने सरळच सांगितलं, की चूक झाली, रेघांची अदलाबदल झाली.

नानांनी फोन खिशात ठेवला.

"म्हंजे उच्ची रेघ तुन्ही सासूनी शे."

"हो नाना."

"नि जिलबी मी वाटी."

"हो."

"यंत्रानं चुकाडं व्हई."

"यंत्राने नाही नाना. मी सांगितलं तसंच केलं त्याने. मीच नीट सांगितलं नाही."

नाना उठले, चप्पल घातली आणि वावराकडे निघून गेले. आतून वत्सलाबाईंचा आवाज आला. "सीमा, तो पुडा ऱ्हायना व्हई थोडा, लई ये बरं." दार बंद नव्हतं, हे सीमाच्या लक्षात आलं. त्या संध्याकाळी ड्रम इतका वेळ ढवळला गेला की शेजारच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या.

सीमाने ती सगळी फाईल पुसली आणि पहिल्यापासून लिहायला घेतली. दुसरी पद्धत तिला माहीत होती. तीत आधी कागद आणि चौकटी हातात घ्यायच्या, प्रत्येक चौकटीला नाव द्यायचं, आणि मग प्रत्येक हुकूम त्या नावापासूनच सुरू करायचा. नाना, ही रेघ ओढ. आई, ही रेघ ओढ. चौकट ही एक वस्तू, तिचं सगळं तिच्यापाशी: तिची रेघ, तिचे अक्ष, तिचं शीर्षक. ओळी वर न्या की खाली आणा, कोणाचं काही कोणाकडे जात नाही. यात थोडं जास्त लिहावं लागतं, म्हणून ती आजवर टाळत आली होती आणि मुलांनाही टाळायला शिकवत होती.

ललित मागे येऊन वाचू लागला. "आमच्या घरात ही पद्धत चालायची नाही," तो म्हणाला. "आई आतून नुसतं 'ते लई ये रे' म्हणते. काय ते आणि कोण ते, दोन्ही आपणच ओळखायचं."

"म्हणूनच मग तिघं तीन तांबे घेऊन जातात," सीमा म्हणाली.

नवा आलेख तयार झाला. रेघा आपापल्या चौकटीत बसल्या. ही बातमी घरात कशी पसरली कोण जाणे, पण सोमवारी सकाळी नाना एकटेच तिच्याकडे आले. त्यांनी आधी हवेची चौकशी केली, मग कॉलेजची.

"सीमा, मन्ही चौकट जराशी वरथीन सुरू करशी ते जमी का? म्हंजे मन्ही रेघ बी वर दिसी."

"तुमचीच? आईंची तशीच ठेवायची?"

"तिनी ऱ्हाऊ दे. तिले कसाले तरास."

कॉलेजला निघताना वत्सलाबाईंनी तिला फाटकाशी गाठलं आणि डब्यात आणखी एक भाकरी कोंबली. "मन्ही रेघ जाडी कर. बारीक रेघ लोकेस्ले दिखत नई. नि त्यास्नी ऱ्हाऊ दे बारीक, त्यास्ले डोयावर उजेड सहन व्हत नई."

सीमाने रेघ जाड केली, दोन्हींची. उभ्या अक्षाचं मात्र तिने एका शब्दात मिटवलं. दोन्ही चौकटींचा उभा अक्ष तिने सामाईक करून टाकला. आता नानांचा अक्ष हलवला की आईंचाही तेवढाच हलणार होता, आणि कोणाच्याही भाकरीचा उपयोग नव्हता. सामाईक अक्षावर पाहिल्यावर दोन्ही रेघांतलं अंतर अंगठ्याएवढं उरलं. आई पुढे होत्या, पण जिलबी वाटण्याइतक्या नाही.

मग तिने खाली आणखी दोन चौकटी मांडल्या, ओलाव्याच्या. भूपेंद्रच्या सेन्सरांचे आकडे तिने याआधी वेगवेगळे पाहिले होते. दोन्ही रेघा नुसत्या वरखाली होत होत्या, तिला वाटलं सेन्सर नवे आहेत, सरावतील. पण या वेळी तिने सगळ्या चौकटींचा आडवा अक्षही सामाईक केला, म्हणजे चौघींत एका खाली एक तीच तारीख आली. आणि मग ती चहा विसरून बघत बसली. नानांची रेघ पडली की आईंची चढत होती. आईंची पडली की नानांची चढत होती. एक दिवस हे, एक दिवस ते. ऋतूंना किंवा सेन्सरांना इतकी शिस्त नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सासूबाईंच्या मागोमाग वावरात गेली. वत्सलाबाई मेथी खुडायला म्हणून निघाल्या होत्या, पण मेथीचा वाफा मागे टाकून त्या सरळ बांधाशी गेल्या, वाकल्या आणि आपला कॉक उघडून पूर्वेकडचा शांतपणे बंद करून आल्या. मोटार चालूच होती. पश्चिमेकडचं पाणी जोरात सुरू झालं.

"आई, तो कॉक नानांच्या बाजूचा आहे ना?"

वत्सलाबाई दचकल्या नाहीत. "काल त्यास्नी मन्हा बंद कया व्हता."

"म्हणून आज तुम्ही त्यांचा."

"मी कोनाचं लिन्हं नई. मन्हं व्हतं तेच परत लिन्हं." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "त्यास्ले सांगू नको. त्यास्ले वाटस माले काही समजत नई."

सीमाने मान हलवली. घरी येऊन तिने विचार केला, की मेळाव्यात या खालच्या चौकटी न दाखवलेल्या बऱ्या. तेही आता सोपं होतं. त्या दोघींना नावाने हाक मारून 'लपा' म्हटलं की वरच्यांना धक्काही न लागता त्या दिसेनाशा होत. तिने तसं करून ठेवलं.

मेळावा ग्रामपंचायतीच्या सभागृहात होता. पंखे जेवढे फिरत होते त्याहून जास्त आवाज करत होते. पुढे पुरुष, कडेला बायका, त्यांत गावच्या सगळ्यांत जुन्या केळीवाल्या मोतीबाई खास खुर्चीवर. पडद्यावर घेराचे आलेख आले. लोकांनी मान डोलावली. अंतर अंगठ्याएवढं पाहून नानांचा चेहरा जरा खुलला; दूधडेअरीवाला मात्र जिलबीची आठवण येऊन त्यांच्याकडे बघत राहिला.

"आणि ओलावा?" भूपेंद्रने माईकवर विचारलं. "वहिनी, सेन्सर बसवलेत आपण. ते दाखवा की."

"ते जरा... अजून नीट झालेलं नाही," सीमा म्हणाली.

"दखाड सीमा," नाना पुढच्या रांगेतून म्हणाले. आवाजात खात्री होती.

"दखाड, दखाड," कडेच्या रांगेतून वत्सलाबाई म्हणाल्या. त्यांच्याही आवाजात खात्री होती.

सीमाने एकदा नानांकडे पाहिलं, एकदा आईंकडे. दोघंही शांत बसले होते. आज आपल्या जोडीदाराची चोरी साऱ्या गावापुढे उघडी पडणार, असं दोघांच्याही चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. आपलीही रेघ तिथे असेल, हे एकाच्याही मनात आलेलं नव्हतं. ललितने शेवटच्या रांगेत तोंडावर रुमाल धरला. सीमाने खालच्या दोन्ही चौकटींना बोलावलं.

 मग मोतीबाई म्हणाल्या, "हाऊ ते आखाजीना झोका शे. एक उचा गया, दुसरा खाले उना."

सगळ्या बायका हसू लागल्या. पुरुषांना जरा उशिरा कळलं, पण कॉकची युक्ती ज्यांना घरी माहीत होती ते सगळ्यांत मोठ्याने हसले. नाना वळून वत्सलाबाईंकडे बघत होते आणि वत्सलाबाई नानांकडे. "म्हंजे माहीत व्हतं?" असं दोघांच्याही डोळ्यांत एकदमच आलं.

भूपेंद्र मात्र पडद्याजवळ गेला होता. त्याने मधल्या एका भागावर बोट ठेवलं. "हे बघा. इथे दोन्ही रेघा सरळ आहेत. झोका नाही. आणि वर बघा, याच्यानंतर दोन्हीकडचा घेर सगळ्यांत चांगला वाढलाय. तेव्हा काय केलं होतं नाना?"

"काही नई कयं," नाना म्हणाले.

"आई माहेरी होती," मागून ललित म्हणाला.

पुन्हा हशा पिकला. "म्हणजे काकूंनी कॉकला हात लावला नाही, ते समजलं," भूपेंद्र म्हणाला. "पण नाना, तुम्हाला तर रान मोकळं होतं. तुम्ही का नाही फिरवला?"

नानांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली.

"ती गावमा नई," ते म्हणाले. "मंग तिना कॉक बंद करीसनी काय मजा शे?"

या वेळी कोणी मोठ्याने हसलं नाही. वत्सलाबाईंनी पदर सारखा केला आणि पंख्याकडे पाहू लागल्या. त्यांच्या शेजारच्या बाईने त्यांना कोपराने ढोसलं, तरी त्यांनी मान खाली केली नाही. सीमाला उगाचच लॅपटॉपची तार नीट करावीशी वाटली.

भूपेंद्र मग पाणी सारखं देण्यावर बरंच बोलला. ते बोलणं उपयोगाचं होतं. शेवटी त्याने स्वतःच्या नव्या केळीचं थोडं जास्त कौतुक केलं, ते मात्र त्याला नडलं. आपल्या खोडांचा घेर नानांच्या आणि काकूंच्या, दोघांच्याही पुढे आहे, असं तो माईकवर बोलून गेला.

घरी परतताना नाना आणि वत्सलाबाई पुढे चालत होते, सीमा आणि ललित मागे. पुढच्या दोघांचं एकमेकांशी थेट बोलणं चाललं होतं, मध्ये कोणी साक्षीदार न घेता. काय बोलतात ते ऐकू येत नव्हतं, पण नाना मधूनमधून हाताने गोल करून खोडाची जाडी दाखवत होते आणि वत्सलाबाई मान हलवत होत्या.

पुढच्या सोमवारी सीमा कॉलेजात मुलांना नवी पद्धत शिकवत होती. आधी चौकटीचं नाव, मग हुकूम. मुलं कुरकुरत होती, एवढं लिहायचं कशाला म्हणून. तेवढ्यात तिचा फोन थरथरला. भूपेंद्रचा होता. ती दाराशी गेली.

"वहिनी," तो दबक्या आवाजात म्हणाला, "तुमचे सासू-सासरे सकाळपासून माझ्या केळीत आहेत. न विचारता. नाना टेप धरतायत, काकू आकडे बोलतायत. एक ओळ झाली, आता दुसरी धरलीय. मी चहा पाठवला तर पिऊन परत कामाला लागले. काय चाललंय हे?"

"मोजतायत," सीमा म्हणाली.

"ते दिसतंय मला. पण कशासाठी?"

सीमाने वर्गाकडे पाहिलं. मुलं तिची वाट पाहत होती.

"भूपेंद्रभाऊ, त्यांना थोडी सावलीतली जागा द्या," ती म्हणाली. "आणि माप टाळू नका. मला आज एक चौकट वाढवायची आहे."